तंबोरा शोभेसाठी उभा करू नका

गायन वर्गांचे चालक, संगीत शिक्षक आणि संगीत परीक्षा मंडळांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण घडले ते असे. गेल्या हिवाळ्यात एका गायन वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमाला मी श्रोता म्हणून गेले होते. सभागृह लहान पण नेटके होते, पालक वेळेआधी येऊन बसले होते आणि मंचाच्या मागच्या बाजूला, समईच्या दोन्ही अंगांना, दोन तंबोरे उभे केलेले होते. तंबोरे जुने होते, मिरजेच्या घडणीचे, गळ्याशी पानांची नक्षी असलेले, आणि त्यांच्या दांड्यांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. पहिली मुलगी येऊन बसली, तिने डोळे मिटले आणि षड्ज, म्हणजे गाण्याच्या आधाराचा 'सा', ऐकू आला तो माईकसमोर ठेवलेल्या मोबाईलमधून. एकामागून एक तीसेक मुले गायली. दर वेळी कुणीतरी पुढे होऊन त्या मोबाईलवर पट्टी, म्हणजे षड्जाची उंची, बदलून जाई. मध्यंतरात न राहवून मी मंचावर गेले आणि एका तंबोऱ्याच्या तारांवरून बोट फिरवले. तारा सैल पडल्या होत्या, खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची, तार जागेवर नव्हती, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी सरकून तिरकी झाली होती. वर्गाच्या संचालिका जवळ आल्या आणि थकलेल्या पण सरळ स्वरात म्हणाल्या, "शोभेसाठी ठेवलेत हो. लावायला वेळ कुठे मिळतो?"

त्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांची मुले सुरात गात होती, तालाला पक्की होती, आणि तीस मुलांचा कार्यक्रम एका संध्याकाळी पार पाडणे म्हणजे काय असते ते मी स्वतः शिकवत असल्यामुळे जाणते. पण घरी पोहोचेपर्यंत ते दोन तंबोरे डोळ्यांसमोरून हलेनात. माळ आपण तसबिरीला घालतो.

मी मिरजेत वाढले. वयाच्या नवव्या वर्षी आईने मला ज्या बाईंकडे गाणे शिकायला नेले, त्यांनी पहिले दोन महिने मला एकही सरगम शिकवली नाही. गवसणी, म्हणजे तंबोऱ्याची खोळ, कशी उतरवायची, तंबोरा जमिनीवर टेकवताना भोपळ्याखाली कापडाची चुंबळ का ठेवायची, दांडी खांद्याला कशी टेकवायची, एवढेच आधी शिकायचे होते. मग छेडणे आले. पहिली, म्हणजे बहुधा पंचमाची, तार मधल्या बोटाने, पुढच्या तीन, म्हणजे जोडाच्या दोन सारख्या आणि शेवटची खर्जाची, तर्जनीने, आणि तारेला ओढायचे नाही, बोटाच्या मांसल भागाने नुसते निसटू द्यायचे. वर्गात इतर मुली गात असताना मी त्यांच्या मागे बसून छेडत राही. गाण्याची लय वाढली तरी तंबोऱ्याची चाल वाढवायची नाही, हे शिकायलाच मला कित्येक दिवस लागले. समोर तबला द्रुत चालू लागला की माझी बोटेही धावत आणि बाई न बोलता मागे वळून पाहत.

त्यानंतर तंबोरा लावणे. बाईंची पट्टी काळी चार. त्या एकदाच आकारात षड्ज लावत आणि गप्प बसत. तो सूर कानात धरून मी जोडाची एक तार त्याला मिळवायची आणि मग दुसरी तार पहिलीला. ज्यांनी हे कधी केलेले नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण या पत्रात मला जे म्हणायचे आहे ते बहुतेक या एका अनुभवात आहे. दोन तारा सुराने एकमेकींच्या जवळ आल्या की त्यांच्यामध्ये एक थरथर ऐकू येते. खुंटी किंचित पिळली की ती थरथर संथ होते, आणखी जवळ आले की आणखी संथ होते, तारेत ओवलेला मणी केसभर सरकवला की एका क्षणी ती थांबते, आणि दोन तारा आहेत हेच कळेनासे होते. तो क्षण कानाने पकडावा लागतो. तो आल्यावर बाई फक्त मान हलवत. तो न येताच मी हात थांबवला तर तेवढ्याच शांतपणे म्हणत, "अजून भांडतायत."

पुढे स्वतःची पट्टी मिळाली, स्वतःचा तंबोरा आला, पण आज मागे वळून पाहते तेव्हा वाटते की माझ्या शिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग या एका गोष्टीत होता: स्वतःचा षड्ज सापडण्याच्या कितीतरी आधी मी दुसऱ्या माणसाचा षड्ज लावायला शिकले. बाईंचा आवाज सर्दीने बसला असेल तर त्या दिवशी तंबोरा अर्धा स्वर उतरवायचा. त्यांनी मारवा राग शिकवायला घेतला असेल तर पंचमाची तार निषादावर न्यायची, मालकंस असेल तर मध्यमावर. आणि हे त्यांनी सांगायच्या आधी ओळखायचे. त्यांची प्रकृती, त्यांची मनःस्थिती, दिवसाचा प्रहर, हवेतला दमटपणा हे सगळे त्या चार तारांपाशी येऊन मला कळे. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाकडे इतके लक्ष देऊन पाहायला दुसऱ्या कुणी शिकवल्याचे मला आठवत नाही.

मिरजेत हे सगळे सहज होते, कारण गावातच तंबोरे घडत होते. आपल्यापैकी अनेकांना हा इतिहास ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगते. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, ती घडवणारे आणि दुरुस्त करणारे लोक. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या फौजा आटल्या, तलवारींचे काम संपत आले, आणि शतकाच्या मध्याच्या सुमारास याच कारागिरांपैकी फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्ये दुरुस्त करण्यात आणि मग घडवण्यात हात घातला. मिरजेला पटवर्धनांचा आश्रय होता, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची ये-जा होती, आणि हत्यारे घडवणाऱ्या हातांनी पुढच्या पिढ्यांत सतारी आणि तंबोरे घडवले. त्यांच्या वंशजांना गावात सतारमेकर म्हणतात. लहानपणी त्या गल्लीतून जाताना दुकानांच्या आढ्याला टांगलेले भोपळे मला फळांच्या घोसांसारखे वाटत. ते खाण्याचे भोपळे नव्हेत. ही जाड सालीची, कडू जात आहे आणि पंढरपूरच्या बाजूचे शेतकरी ती पिकवतात. भोपळा महिनोन् महिने वाळवायचा, कापल्यावर पाण्यात भिजवून त्याचे तोंड आतून काठ्यांनी ताणायचे, आकार धरेपर्यंत थांबायचे, मग तून लाकडाची दांडी, भोपळ्याच्या तोंडावर बसणारी तबली, तारा पिळायच्या खुंट्या. यातले कोणतेच काम घाईने होत नाही आणि कोणतेच एकट्याचे नाही.

आपण जी परीक्षापद्धती चालवता तिचाही या गावाशी संबंध आहे. विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, आणि पुढे १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केले. इयत्ता, अभ्यासक्रम आणि परीक्षा अशा रीतीने गाणे सर्वसामान्य घरांतल्या मुलामुलींपर्यंत नेण्याची वाट रुळवणाऱ्यांमध्ये ते अग्रभागी होते. ज्या गावात त्यांचा कान तयार झाला, त्याच गावच्या तंबोऱ्याला त्यांच्या वाटेने जाणाऱ्या आपल्या वर्गांत आता लावलेल्या तारा नाहीत, ही गोष्ट मला फार लागते.

आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. उत्तरेतल्या कैराना गावचा हा गवई मिरजेचा झाला. तंबोरा असा लागावा की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमलून यावा, हा त्यांच्या परंपरेतला ध्यास होता आणि मिरजेच्या कारागिरांना तो परका नव्हता. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात एका रेल्वे स्थानकावर त्यांची प्रकृती बिघडली. शेवट जवळ आल्याचे ओळखून त्यांनी तंबोरा लावायला सांगितला आणि गातच देह ठेवला, असे त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगतात. त्यांना मिरजेत आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. तिथे उरुसात त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी गाणे होते. लहानपणी वडिलांच्या मांडीवर अर्धवट झोपेत मी तिथे जे ऐकले त्यातले राग मला आज सांगता येणार नाहीत, पण गवई येण्याआधी पडद्याआडून ऐकू येणारे तंबोरे लावण्याचे आवाज मला स्पष्ट आठवतात. आजूबाजूला शेकडो माणसे बसलेली, टोपी घातलेली, धोतर नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली. आणि पडद्यामागे कुणीतरी एक तार दुसऱ्या तारेला मिळवतो आहे. ती मिळेपर्यंत सगळे थांबलेले असत. कुणी घड्याळ पाहत नसे.

माझा तंबोरा घ्यायला वडील मला सतारमेकर गल्लीत घेऊन गेले तेव्हा मी सोळा वर्षांची होते. कारागिराने तंबोरे दाखवण्याआधी मला गायला सांगितले. मी लाजून षड्ज लावला, मग खाली मंद्र पंचमापर्यंत जा म्हणाले, मग वर. त्यांनी ऐकून घेतले आणि वडिलांना म्हणाले, "पोरीचा आवाज अजून बसायचाय. दोन वर्षांनी जवारी पुन्हा काढून न्या." वीस तंबोऱ्यांतून त्यांनी एक खाली घेतला. घोडी कानशीने हळूच घासायची, फुंकर मारून भुगा उडवायचा, तारा चढवायच्या, छेडायचे, कान द्यायचा, पुन्हा तारा उतरवायच्या: ही जवारी काढण्याची क्रिया मी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण पाहिली. दुपारची अडीच-तीन तासांची वेळ त्यात गेली. तारेखाली घोडीवर सुताचा एक बारीक धागा सरकवून त्यांनी शेवटची जागा शोधली तेव्हा बंद खोलीची खिडकी उघडावी तसा सूर खुलला. ते स्वतः गात नव्हते. माझ्या माहितीत इतका तयार कान असलेला माणूस मला पुढे एखाद-दुसराच भेटला असेल. दोन वर्षांनी मी गेले तेव्हा मला पाहून त्यांनी नाव विचारले नाही, आवाज विचारला. "बसला का?"

आता माझी स्वतःची बाजू सांगते, कारण ती लपवून आपल्याला काही विनंती करणे बरोबर होणार नाही. लग्नानंतर मी ठाण्याला आले आणि गेली बावीस वर्षे घरी वर्ग घेते. त्यांतली अकरा वर्षे मी आधी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी आणि नंतर मोबाईल वापरला. संध्याकाळी पाऊण पाऊण तासाच्या चार तुकड्या, एका तुकडीत आठ-दहा मुले, खालच्या मजल्यावरचे शेजारी, पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात सुटणाऱ्या खुंट्या. कळ दाबली की अचूक सूर मिळत होता आणि मला त्यात काही वावगे वाटत नव्हते. माझा तंबोरा गवसणीत कपाटाच्या आड उभा होता. मग एकदा माझी एक विद्यार्थिनी, माझ्याकडे सहा वर्षे शिकलेली, विशारद या वरच्या परीक्षेच्या तयारीतली, एका नातलगांच्या घरी गेली. त्या घरी आजीचा तंबोरा होता, आणि आजींनी हौसेने तो तिच्यापुढे ठेवून म्हटले, लाव आणि गा. ती मला दुसऱ्या दिवशी डोळ्यांत पाणी आणून सांगत होती की तिला पहिली तार कोणती हेच कळेना. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तंबोऱ्याचे चित्र काढून त्याच्या सगळ्या अवयवांची नावे तिने बिनचूक लिहिली होती. तिच्या वयाच्या मानाने ती फार चांगले गाते. पण आपण लावलेला सूर खरा की खोटा हे ठरवण्याचे काम सहा वर्षांत तिच्यावर एकदाही आलेले नव्हते. ते काम मी यंत्राला देऊन टाकले होते. त्या मुलीचे काही चुकले नव्हते. चूक माझी होती.

म्हणून मला यंत्राविरुद्ध तक्रार करायची नाही. प्रवासात, वसतिगृहात, पहाटे घरातले झोपलेले असताना रियाज करायला त्याचा उपयोग आहे आणि मीही तो करते. परदेशातल्या मराठी मुलांना मी स्क्रीनवरून शिकवते तेव्हा आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो, त्यामुळे माझ्याकडचा तंबोरा त्यांच्या कामाचा राहत नाही. त्यांना त्यांच्या खोलीत काहीतरी लावावेच लागते. पण यंत्रातला सूर तयारच येतो. तो कुणासाठी लावलेला नसतो, लावताना कुणी कुणाकडे पाहिलेले नसते, आणि तो बिघडतही नाही, त्यामुळे तो पुन्हा जुळवण्यासाठी कुणाला कान द्यावा लागत नाही. खरा तंबोरा दर अर्ध्या तासाने थोडा उतरतो. मागे बसलेल्या शिष्याला गाणे ऐकता ऐकता ते ओळखावे लागते, आणि गाणाऱ्याचा श्वास कुठे संपतो ते पाहून, त्याला न दुखावता, हलक्या हाताने मणी सरकवावा लागतो. त्या मणी सरकवण्यात जी जवळीक आहे ती मला दुसऱ्या कोणत्याही शिक्षणात सापडलेली नाही.

वेळेचा प्रश्न खरा आहे, हे मी वर मान्य केलेच आहे. गेली काही वर्षे मी माझ्या वर्गात एक बदल केला आहे तो आपल्यापुढे ठेवते. आठवड्यातल्या दोन तासांपैकी एका तासाची पहिली पंधरा मिनिटे तंबोरा लावण्यात जातात. दर वेळी एक मूल लावते आणि बाकीची नऊ ऐकतात. कोणती तार चढी, कोणती उतरी, हे हात वर करून सांगतात. पहिल्या महिन्यात दोन पालकांनी मला विचारले की मुलांचा वेळ वाया जात नाही का. चौथ्या महिन्यात त्याच मुलांच्या गळ्यातला पंचम स्थिर झाला, आणि गाताना इतरांचा सूर ऐकण्याची सवय त्यांना लागली, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. शास्त्रीय पुरावा म्हणून नव्हे. एक मुलगा, घरी फारसे न बोलणारा, तंबोरा लावायला बसला की इतका गढून जातो की त्याची आई दाराशी उभी राहून पाहते. त्याला अजून बंदिश नीट गाता येत नाही. मला त्याची घाई नाही.

पैशांचा प्रश्नही खरा आहे. चांगला तंबोरा हजारो रुपयांचा होतो, प्रत्येक मुलाने तो घ्यावा असे मी म्हणणार नाही. पण प्रत्येक वर्गात एक असावा, लावलेला असावा, आणि मुलांच्या हाताला लागेल असा असावा. पुष्कळ घरांत आजी-आजोबांचे तंबोरे माळ्यावर पडून आहेत. पालकसभेत नुसते विचारून पाहा. तार बदलायला, घोडी बसवायला, जवारी काढायला कारागीर लागतो, आणि वर्षातून एकदा त्याला वर्गावर बोलावून त्याचा दिवसाचा मोबदला आणि प्रवासखर्च दिला तर मुलांना एक असा धडा मिळेल जो आपण कुणीच देऊ शकत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला मिरजकर म्हणून मनापासून आनंद झाला. परंतु मानांकनाने वाद्याचे नाव राखले जाते. ते घडवणाऱ्याच्या मुलाने कानस हातात घ्यावी की नाही हे त्याच्या दुकानात कोण येते यावर ठरते. आणि त्याच्या दुकानात कोण येणार हे आपल्या वर्गांत ठरते.

परीक्षा मंडळांना माझी विनंती थोडी वेगळी आणि नेमकी आहे. प्रारंभिक-प्रवेशिका या सुरुवातीच्या परीक्षांच्या मुलांकडून याची अपेक्षा नको. पण विशारदला बसणाऱ्या गायनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षकासमोर तंबोरा लावून दाखवावा, आणि गुण त्याने किती लवकर लावला यावर न देता, लागलेला सूर त्याला स्वतःला ओळखता येतो का यावर द्यावेत. केंद्रावर सकाळी तारा उतरवलेला एक तंबोरा ठेवला तर दिवसभरातले विद्यार्थी तो आपापल्या पट्टीला लावतील. मला माहीत आहे की यासाठी प्रत्येक केंद्रावर एक बरा तंबोरा असावा लागेल, प्रत्येक विद्यार्थ्यामागे दहा मिनिटे वाढतील, आणि काही परीक्षकांनाही सराव करावा लागेल. हे शेवटचे वाक्य मी कुणाचा अवमान करण्यासाठी लिहिलेले नाही. मला स्वतःला अकरा वर्षांनी गवसणी उतरवल्यावर हात बसायला तीन आठवडे लागले होते. जे परीक्षेत विचारले जात नाही ते वर्गांत शिकवले जात नाही, हे आपल्याला माझ्याहून अधिक चांगले ठाऊक आहे, आणि म्हणूनच हे पत्र शिक्षकांइतकेच आपल्यालाही लिहिले आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि खरे तर तिच्यामुळेच मी हे लिहायला बसले.

बाई शेवटची पाच-सहा वर्षे ऐकू येईनासे झाल्यामुळे गात नव्हत्या. यंत्र कानाला लावून माणसांचे बोलणे थोडे कळे, पण त्यातून सूर वेडावाकडा येतो म्हणून गाणे ऐकताना त्या ते काढून ठेवत. मी सुट्टीत मिरजेला गेले की त्यांच्याकडे जाई. त्या पलंगावर भिंतीला टेकून बसलेल्या असत आणि मी जमिनीवर बसून त्यांचाच जुना तंबोरा लावत असे. त्यांना ऐकू येत नाही हे माहीत असून का लावत होते ते मला सांगता येणार नाही, त्या घरात जाऊन दुसरे काही करणे सुचतच नसे. एकदा त्यांनी खूण करून मला तंबोरा पलंगावर ठेवायला सांगितला. मी तो आडवा ठेवला आणि छेडत राहिले. बाईंनी उजवा तळहात भोपळ्यावर ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग तळहात न उचलता म्हणाल्या, "जोड उतरलाय."

मी कान दिला. उतरला होता, इतका थोडा की माझ्या लक्षात आले नव्हते. जोडाच्या तारांमधली ती थरथर त्यांच्या हाताला लागत होती. मी मणी सरकवत गेले आणि त्या तळहाताने ऐकत राहिल्या. थरथर थांबल्यावर त्यांनी मान हलवली, नऊ वर्षांच्या मुलीपुढे हलवत तशीच. त्या दुपारी आम्ही दोघी काही बोललो नाही. मी तासभर छेडत होते आणि त्यांचा हात भोपळ्यावर होता.

बाईंच्या मागे तो तंबोरा त्यांच्या घरच्यांनी मला दिला. मिरजेला नेऊन मी त्याची जवारी काढून घेतली, जोडाच्या आणि खर्जाच्या तारा नव्या चढवल्या, आणि आता तो माझ्याकडे ठाण्याला आहे. माझ्याकडे माझा एक आहेच. ठाणे, कळवा, मुलुंड या बाजूच्या ज्या गायन वर्गाकडे तंबोरा नाही, किंवा आहे पण लावला जात नाही, त्या वर्गाला मी बाईंचा तंबोरा एका वर्षासाठी देण्यास तयार आहे. मी स्वतः तो आणून देईन आणि पहिले दोन महिने दर रविवारी सकाळी येऊन मुलांना लावायला शिकवीन. त्याचे मानधन नको. अट एकच आहे. वर्ग भरेल त्या प्रत्येक दिवशी तो कुठल्या तरी मुलाने लावलेला असला पाहिजे. चुकीचा लावला तरी चालेल. तो सध्या गवसणीविना, खिडकीपासून दूर, भिंतीशी उभा आहे आणि आज सकाळी काळी चारला लावलेला आहे.

आपली नम्र,
मिरजेत शिकलेली एक गायनशिक्षिका
ठाणे